येडा शे का तो पोऱ्या? – वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली, महायुद्धाच्या काळातला छळ लहान मुलाच्या नजरेतून सांगणाऱ्या कादंबऱ्या. मराठीत असे अनुवाद आता मिळतात, शाळांच्या लायब्ररीतही दिसतात, आणि खानदेशातल्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते म्हणून पोरं कूलरपुढं बसून वाचतात हेही एक कारण असेलच. तर यावेळचं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी कापून छापतोय, राग मानू नका.

चोपड्याहून एक ताई लिहितात:

मुलगा सातवीला आहे. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज'चा मराठी अनुवाद शाळेतून घेऊन आला. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली की मोठ्यानं वाचतो, सासूबाई खाटेवर पडून ऐकतात. गोष्टीतला पोरगा नऊ वर्षांचा, बाप नाझी छावणीचा मुख्य साहेब, घर छावणीजवळच, आणि या पोराला कुंपणापलीकडच्या पोरांचा हेवा वाटतो की तिकडं खेळायला एवढी मुलं आणि आपण एकटेच. ते ऐकलं आणि सासूबाई उठूनच बसल्या, म्हणे "येडा शे का तो पोऱ्या? त्या घरमा राहीसन त्याले काहीच कसं समजत नही?" मुलगा चिडला, म्हणाला आजी ही खरी गोष्ट आहे, तुला काय माहीत. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्हीच सांगा कोणाचं बरोबर? आणि शेवटची प्रकरणं राहिलीत, मी चाळली तर माझ्याच पोटात गोळा आला, वाचू द्यावीत का?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी जे पकडलं ते भल्याभल्यांच्या हातून निसटतं.

खरी गोष्ट नाहीये ती. जॉन बॉयन नावाच्या आयरिश लेखकाची २००६ सालची कादंबरी आहे, आणि मूळ पुस्तकावर लेखकानंच 'दंतकथा' अशा अर्थाचा शब्द घातलाय, म्हणजे हे असंच घडलं असा त्याचाही दावा नाही. पण पोरं कशाला ते बघतात, छावणी खरी, नाझी खरे, रेल्वे खरी म्हटल्यावर पोरगाही खराच वाटणार ना. त्यामुळंच पोलंडमध्ये ऑशविट्झला, नाझींच्या छावणीच्या जागी, जे स्मारक आणि म्युझियम आहे त्यांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीर सांगून टाकलं की ज्यांना ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकायचाय किंवा शिकवायचाय त्यांनी हे पुस्तक टाळावं. आमचं मत विचाराल तर अगदी टाळायलाच पाहिजे असं नाही, पण तेवढं एकच वाचून 'आम्हाला कळलं तेव्हा काय झालं ते' असं म्हणत असतील तर मात्र अवघड आहे.

आता आजींचा मुद्दा. खऱ्या ऑशविट्झचा कमांडंट होता रुडोल्फ ह्योस, त्याचं घर छावणीला अगदी लागून होतं, बायको आणि पाच मुलं तिथंच राहायची, मोठी बाग होती आणि त्या बागेत, घरात राबायला कैदीच यायचे. म्हणजे रोज सकाळी डोळ्यापुढं. बरं ते सोडा, त्या काळातल्या जर्मनीत कुठल्याही घरातला नऊ वर्षांचा पोरगा घ्या, दहाव्या वर्षी पोरांना हिटलरच्या बालसंघटनेत जावं लागायचं, १९३९ पासून तर ते सक्तीचंच झालं, म्हणजे नऊ वर्षांचा पोरगा हा पुढच्या वर्षी आपल्याला युनिफॉर्म मिळणार म्हणून दिवस मोजत बसलेला पोरगा. शाळेत ज्यूद्वेष पुस्तकातून शिकवत होते. १९३८ साली तर लहान मुलांसाठी एक रंगीत चित्रांचं पुस्तक निघालं होतं ज्यात आई पोराला जंगलात विषारी अळंबी ओळखायला शिकवते आणि मग सांगते की माणसांतही अशी विषारी असतात, ती म्हणजे ज्यू. अशा वातावरणात, त्यातही बाप एवढा मोठा साहेब, आणि पोराला 'ज्यू' म्हणजे काय तेच माहीत नाही, पलीकडं काय चाललंय त्याचा वासही नाही, हे पटत नाही. आजींनी घरातली पोरं बघितलीत, पोरांना घरातलं सगळं कळतं, त्यांच्यासमोर कुजबुजून काही उपयोग नसतो.

आणि गोष्टीत कुंपणापलीकडच्या, छावणीतल्या ज्या पोराशी त्याची मैत्री होते, त्याचंही तेच. ऑशविट्झला जी मुलं गाडीतून उतरायची त्यातल्या बहुतेक लहान मुलांना उतरल्या उतरल्याच गॅस चेंबरकडं नेत असत, कारण काम करून घ्यायला ती निरुपयोगी. किमान २ लाख ३२ हजार मुलं आणि किशोरवयीन पोरं तिथं नेली गेली असा म्युझियमचा हिशोब आहे आणि २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य आलं तेव्हा तिथं सापडली ती सातशेच्या आसपास. काहींना आधीच दुसऱ्या छावण्यांत हलवलं होतं, ते या सातशेत धरलेले नाहीत, पण तरी अंदाज येतो. त्यातून जो पोरगा जिवंत राहिला त्यानं रोज दुपारी कुंपणाशी निवांत येऊन बसावं, गप्पा माराव्यात, हे त्या विजेच्या तारा आणि टेहळणीचे मनोरे असलेल्या जागी शक्य नव्हतं.

मग पुस्तक खोटं का? तसंही नाही. आम्हाला जे खटकतं ते वेगळं आहे आणि ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. अशा काळात मुलाला नियम माहीत असतात, कारण माहीत नसतं. कुठं जायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, किती वाजता घरात पाहिजे, हे त्याला मोठ्यांपेक्षा जास्त पक्कं पाठ असतं, फक्त का, ते त्याला कोणी सांगत नाही आणि सांगितलं तरी ते पटण्यासारखं नसतं. चांगली कादंबरी हे बरोबर पकडते. कच्ची कादंबरी मुलाकडून नियमही काढून घेते, त्याला कोरा करून टाकते, म्हणजे शेवटाला वाचकाला धक्का देता येतो.

पडताळा बघायचा असेल तर ॲन फ्रँकची डायरी काढा, ती कादंबरी नाही, खरी डायरी आहे आणि मराठीत मिळते. तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ ला, तिला वही मिळाली आणि आठवड्याभरानं, २० जूनच्या पानावर, ती ज्यूंवरच्या बंदीची सरळ यादीच लिहून काढते. छातीवर पिवळा तारा लावायचा. सायकली जमा करायच्या. ट्राममध्ये चढायचं नाही. सामान आणायचं ते दुपारी तीन ते पाच याच वेळात. रात्री आठनंतर रस्त्यावर दिसायचं नाही, स्वतःच्या बागेतसुद्धा बसायचं नाही. पोहायला नाही, नाटकाला नाही, शाळा वेगळी. तास-वेळेसकट. हे तेरा वर्षांच्या पोरीचं ज्ञान आहे. पुढं ६ जुलैला ते कुटुंब ॲमस्टरडॅममध्ये वडिलांच्या ऑफिसच्या मागच्या भागात लपलं, तिथं तर दिवसभर पायात बूट नाही, नळ सोडायचा नाही, संडासची साखळी ओढायची नाही, कारण खाली गोदामातले कामगार आणि त्यांना वर माणसं आहेत हे माहीत नाही. तिथल्या भिंतीवर तिचे वडील पोरींची उंची पेन्सिलीनं रेघा मारून लिहीत होते, आपण दाराच्या चौकटीवर लिहितो तसंच, त्या रेघा अजून आहेत. लपून राहिलेल्या त्या दोन वर्षांत ॲन तेरा सेंटिमीटर वाढली. ऑगस्ट १९४४ मध्ये पकडले गेले आणि १९४५ च्या सुरुवातीला ती बर्गन-बेल्झन छावणीत वारली. वडील एकटे परत आले.

म्हणून ताई, वाचू द्या. सातवीचा मुलगा आहे, शेवट त्याला झेपेल, फक्त त्या रात्री त्याच्याजवळ झोपा आणि वाचून झाल्याबरोबर 'काय शिकलास यातून' असं विचारू नका हो, कृपा करा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग आजीचाच प्रश्न त्याच्यापुढं ठेवा, म्हणजे की त्या पोराला काय काय दिसत होतं, आणि दिसत असून त्यानं काय विचारलं नाही? घरात काम करायला जो कैदी यायचा तो कोण हे त्याला कळायला हवं होतं की नाही? आमची पैज आहे, पोरगा आजीच्या बाजूनं येईल. आणि नाही आला तरी निदान बोलणं तर सुरू होईल.

भुसावळहून एक वाचक, रेल्वेत नोकरीला, लिहितात:

नाईट ड्युटीला वाचायला सोबत पुस्तक नेतो. अशा दोन-तीन कादंबऱ्या वाचल्या आणि आता शंका यायला लागलीय की हा सरळ सरळ रडवायचा धंदा आहे. लहान पोर पुढं केलं की कोणीही रडणार. मोठ्या माणसाच्या तोंडून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

उत्तर: भाऊ, शंका रास्त आहे, धंदा करणारे आहेतच. कव्हरवर पाठमोरं मूल, हातात टेडी बेअर, मागं रेल्वेचे रूळ, असं दिसलं की आम्ही पण ते पुस्तक आधी उलटं करून मागचा मजकूर वाचतो. पण सगळ्यांना एका मापात मोजू नका.

मोठ्या माणसाच्या तोंडून सांगण्याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, बोर्डिंगची पोरं सांभाळायचे, आणि 'श्यामची आई' त्यांनी पुढं १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात लहान श्याम आहे, पण बोलतोय तो मोठा श्याम, आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगणारा. त्यामुळं लहानपणी जे कळलं नव्हतं ते आता कळलंय असा सूर प्रत्येक पानावर आहे, आणि वाचक त्या मोठ्या श्यामचा हात धरून चालतो. तिथं तेच बरोबर आहे.

आता जिथं मोठा झालेला माणूस नाहीच, किंवा असेल तरी त्यालाही अर्थ लागलेला नाही, तिथं काय करणार? इम्रे कर्तेस म्हणून हंगेरीचे लेखक होते, त्यांना स्वतःला १९४४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पकडून ऑशविट्झला आणि तिथून बुखेनवाल्डला नेलं. त्यावर त्यांनी कादंबरी लिहिली, ती छापून यायला १९७५ साल उजाडलं आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या कादंबरीतला पोरगा रडत नाही, ओरडत नाही, तो सगळं जणू काही शाळेचे नियम समजून घेतोय अशा पद्धतीनं सांगतो, आणि तेच अंगावर येतं. गाडीतून उतरतानाचा प्रसंग आहे, सामान उतरवायला आलेले जुने कैदी या नव्या पोरांना हळूच विचारतात वय किती, आणि सांगतात की सोळा सांग. का, ते सांगत नाहीत, वेळच नाही. पोरगा सोळा सांगतो. त्या एका आकड्यावर तो वाचतो आणि त्याला तेव्हा पत्ताच नसतो की आपण कशातून वाचलो. अशी कुजबूज छावणीतून परत आलेल्या इतरांनीही आपल्या आठवणींत नोंदवलीय, वय वाढवून सांग, आजारी आहे असं म्हणू नकोस.

बघा, इथं पण तेच, नियम कळला, कारण कळलं नाही. वाचकाला कारण माहीत असतं. मुलाला जेवढं कळतं आणि वाचकाला जेवढं कळतं त्यात जे अंतर पडतं, तिथंच अशा कादंबरीचं सगळं काम चालतं. मोठा निवेदक आला की तो हे अंतर समजावून सांगून भरून टाकतो आणि वाचक मोकळा होतो. मूल ते भरत नाही, मग ते भरायची पाळी तुमच्यावर येते, रात्री दोन वाजता, कॅबिनमध्ये एकट्यावर. कठीण आहे ते.

रडवायचा धंदा ओळखायची आमची सोपी खूण, घ्या वाटलं तर. पुस्तकातलं मूल एखादी क्षुद्र, स्वार्थी गोष्ट करतं का बघा. भावाच्या वाटणीचा पाव खातं का, मित्र पकडला गेला तर त्याची जागा आपल्याला मिळाली म्हणून मनात खूश होतं का. खऱ्या आठवणींत हे असतं. ॲनसुद्धा डायरीत आईवर सारखी करवादते, दातांच्या डॉक्टरबरोबर एका खोलीत राहावं लागतं म्हणून धुसफुसते. जिथं मूल पानभर नुसतं गोड आणि निष्पाप आहे तिथं लेखकाचा हात तुमच्या रुमालाकडं आहे असं समजा.

धुळ्याहून एक वाचक विचारतात:

पुस्तक कोण वाचतं, पोरांना सरळ सिनेमा दाखवला तर नाही का चालणार? 'स्ट्राइप्ड पजामाज'वरचा २००८ चा आहे, ओटीटीवर सापडतो.

उत्तर: दाखवा, पण पुस्तकाऐवजी नको. कॅमेरा मुलाच्या उंचीवर ठेवला तरी फ्रेममध्ये सगळं दिसतंच, धूर दिसतो, कुत्रे दिसतात, मग मुलाला जे कळत नाही ते प्रेक्षकाला फुकटात कळतं. पुस्तकात ते स्वतः जुळवावं लागतं. पाचवीच्या खालच्यांना तर सिनेमा अजिबात नको.

शहादा तालुक्यातल्या आश्रमशाळेतून एक मॅडम:

सर, स्पष्टच लिहिते. आमच्या मुलांना जर्मनी नकाशात कुठं आहे इथून सुरुवात करावी लागते. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी जंगलखात्याचा, सावकारांचा त्रास काढलाय, त्यावर पोरांच्या हातात द्यायला पुस्तकं नाहीत आणि आम्ही त्यांना युरोपातल्या मुलांची दुःखं वाचायला लावायची. हे बरोबर आहे का?

उत्तर: मॅडम, तुमचा राग बरोबर आहे आणि त्याला उत्तर देऊन तो शांत करायची आमची इच्छा नाही. सातपुड्यातल्या पोराच्या नजरेतून लिहिलेली मोठी कादंबरी मराठीत यायलाच पाहिजे, ती तुमच्याच एखाद्या विद्यार्थ्यानं लिहिली तर सगळ्यात बरं. पण तोवर युरोपचं बंद ठेवू या, असं मात्र आम्हाला वाटत नाही, आणि दूरचं आहे म्हणाल तर तेवढंही ते दूर नाही. तुम्ही इतिहास शिकवता का माहीत नाही, पण १९४२ चं एक वर्ष घ्या आणि फळ्यावर महिने लिहा.

जुलैच्या ६ तारखेला ॲन लपायला गेली, ते वर आलंय.

जुलैच्या १८ ला पोलंडमध्ये, वॉर्सा शहरात ज्यूंना जिथं कोंडून ठेवलं होतं त्या वस्तीत, एका अनाथाश्रमातल्या मुलांनी नाटक केलं. आश्रम चालवायचे यानुश कोर्चाक, डॉक्टर होते आणि मुलांसाठी लिहायचे. त्यांनी निवडलेलं नाटक होतं रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर'. नाटकातला अमल आजारी आहे, वैद्यानं बाहेर पडायचं नाही असं बजावलंय, खिडकीत बसून तो दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी बोलतो आणि राजाचं पत्र येईल म्हणून वाट बघतो. बंगालात लिहिलेलं नाटक, आणि ते करताहेत पोलंडमधली पोरं, जी स्वतः भिंतीच्या आत आहेत. बाहेर पडायचं नाही, एवढं त्यांनाही माहीत होतं. त्यानंतर चारच दिवसांनी त्या वस्तीतून माणसं हलवायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आणि त्यांच्या जवळपास दोनशे मुलांना रेल्वेनं ट्रेब्लिंकाला, माणसं मारायच्याच छावणीत, नेलं. कोर्चाकना स्वतःला वाचवायची संधी देऊ केली होती, ते मुलांना सोडून गेले नाहीत. कोणीही परत आलं नाही.

त्याच आठवड्यात ८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. आणि सप्टेंबरच्या ९ तारखेला तुमच्या नंदुरबारला काय झालं ते तुमच्या पोरांना पाठ असेल, शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती, तिरंगा घेऊन निघालेली मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमार तेव्हा सोळाही पूर्ण नव्हता. स्मारकापुढून पोरं येता-जाता जात असतील, आजूबाजूला पेरूच्या गाड्या, रिक्षा, आणि मध्ये ते.

हे सगळं एकच आहे असं म्हणत नाही बरं का. नंदुरबारची पोरं स्वतः ठरवून झेंडा घेऊन रस्त्यावर आली होती, त्यांना कारण पुरेपूर माहीत होतं, वॉर्साच्या पोरांना तशी निवडच नव्हती. हा फरक पोरांनाच काढू द्या, फळ्यावर दोन्ही लिहून विचारा, ती नेमकं बोलतील. दुःखाची तुलना करायला लावू नका, कोणाचं जास्त कोणाचं कमी, त्यातून काही हाती लागत नाही.

आणखी एक, हे तर महाराष्ट्रातलंच. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. यांना हिटलरनं नव्हे, स्टालिनच्या राजवटीनं १९४० पासून घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडं पाठवलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती भारतात आली. जामनगरच्या महाराजांनी त्याच्या आधी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला होता. म्हणजे त्या काळात पोलंडची पोरं कोल्हापूरच्या उन्हात शाळेत जात होती, मराठी माणसांकडून भाजी घेत होती. नकाशात पोलंड दाखवायचं असेल तर वळिवड्यापासून सुरू करा की.

एक राहिलं. 'जंगलखात्याचा त्रास' तुम्ही एका ओळीत लिहिलाय. पोरांना सांगा घरी म्हाताऱ्यांना विचारून या, तेव्हा तुम्ही लहान असताना तुम्हाला काय करायची बंदी होती? कारण विचारू नका, फक्त बंदी विचारा, लाकूड, मोह, चराई, काय असेल ते. वहीत जमा होऊ द्या. आम्ही ती वही या मासिकात छापायला तयार आहोत, शुद्धलेखन न सुधारता, पोरांच्याच बोलीत.

पारोळ्याहून आठवीतली एक मुलगी:

काका, मी अशी एक कादंबरी अर्धी वाचली आणि बंद केली. दोन रात्री झोप आली नाही. टीचरनी प्रोजेक्ट दिलाय, मैत्रिणी म्हणतात तू भित्री आहेस. मला पूर्ण वाचायलाच पाहिजे का?

उत्तर: नाही गं. बंद केलंस ते बरं केलंस, पुस्तक कुठं पळून जात नाही, दहावीनंतर वाच, नाहीतर नको वाचूस. आणि मैत्रिणींना म्हणावं, ज्यांना झोप लागली त्यांनी नीट वाचलं असेल का ते आधी सांगा.

प्रोजेक्टला दुसरं काहीतरी सुचवतो, यात भीती कमी आहे. प्रागजवळ टेरेझिन नावाचं गाव होतं, नाझींनी त्याची ज्यूंना कोंडायची जागा केली. तिथं एका इमारतीत साधारण तुझ्याच वयाची, तेरा ते पंधरा वर्षांची पोरं एका खोलीत तीन-तीन मजली बाकांवर राहायची, आणि त्यांनी १९४२ च्या डिसेंबरपासून चोरून एक साप्ताहिक काढलं, 'वेदेम' नाव, म्हणजे 'आम्ही पुढं' अशासारखं. छापखाना कुठला, हातानं लिहिलेली एकच प्रत, ती दर शुक्रवारी संध्याकाळी खोलीत मोठ्यानं वाचायची. कविता, विनोद, वस्तीतल्या कोपऱ्या-कोपऱ्यांची माहिती, एकमेकांची टिंगल, सगळं होतं त्यात. संपादक पेटर गिंझ, तोही पोरगाच. दोनएक वर्षांत आठशेच्या आसपास पानं झाली. त्या खोलीतून गेलेल्या मुलांतली थोडीच वाचली, पेटर वाचला नाही, पण पानं वाचली, एका मुलानं ती लपवून ठेवली म्हणून. तिथंच फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाई पोरांना चित्रकला शिकवायच्या, कागद मिळेल तो, मागच्या बाजूला हिशोब लिहिलेला असला तरी चालेल. १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेण्याआधी त्यांनी साडेचार हजाराच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती आणि प्रत्येकावर मुलाचं नाव लिहून घ्यायची त्यांची सवय होती, म्हणून आज ती नावासकट बघता येतात. प्रागमध्ये ठेवलीत, नेटवरही सापडतील. त्यात बाक आहेत, रांगा आहेत, पण फुलं, घरं, टेबलावर वाढलेलं जेवण हेही खूप आहे.

तुमच्या वर्गात असं एक हस्तलिखित काढा, चार पानी चालेल, एकच प्रत, आणि ऑफ तासाला मोठ्यानं वाचा. तोच प्रोजेक्ट म्हणून दे. चार्टपेपरवर काटेरी तारा आणि लाल रंगाचे थेंब काढू नकोस, ते सगळेच काढतात. आणि अर्धवट राहिलेलं पुस्तक या आठवड्यात लायब्ररीत जमा कर, सुट्टी संपत आली की लायब्ररीवाले फाइन लावतात.